कप्तान टिपणीस

दिनानाथ टिपणिसांना जगातलं सगळं सांगता यायचं. फक्त 'मला माहीत नाही' एवढं म्हणता येत नसे. कुणी पत्ता विचारला तर स्वतः कधी न गेलेल्या गल्लीतूनही ते त्याला डावं-उजवं करत नेऊन पोचवायचे. तो बिचारा घामाघूम होऊन परत आला की म्हणायचे, पिठाच्या गिरणीपाशी वळलात ना, तिथंच चुकलात. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. अंबरनाथ पूर्वेला एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी, दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही, गॅलरीतल्या कुणा पोराचं गणित अडलं की हातातलं वर्तमानपत्र लगेच बाजूला. पण प्रश्न आला की उत्तर दिलंच पाहिजे, हा त्यांचा रोगच होता म्हणा ना.

पंच्याऐंशी सालच्या सुमारास त्यांनी उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून सरकत्या लाकडी दारांचा टीव्ही आणला, आणि या रोगाला चांगले दिवस आले. रविवारी सकाळी एक इंग्रजी मालिका लागायची. अंतराळात फिरणारं एक भलंमोठं यान, पिकल्या मिशांचा एक कप्तान, एक फटकळ डॉक्टरीण, आणि दर आठवड्याला एक नवा ग्रह. इमारतीत दुसऱ्या कुणाकडे टीव्ही नव्हता. त्यामुळे गॅलरीतली सगळी बिऱ्हाडं टिपणिसांच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं येऊन बसायची. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. टिपणिसांना कळायचं ते रुपयात चार आणे. उरलेले बारा आणे ते पदरचे घालायचे.

टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसायचे, आणि कप्तानानं तोंड उघडलं रे उघडलं की यांचं मराठीत सुरू. तो म्हणतोय इंजिन तापलंय, ती म्हणतेय मग आधी का नाही बोललात. यानातली माणसं दोन शब्द बोलली तरी टिपणिसांची चार वाक्यं व्हायची. त्यांच्या बायकोला, पद्मजाबाईंना, हे सगळं ठाऊक होतं. चहाचा ट्रे घेऊन येताना त्या म्हणायच्या, कप्तान यांच्या कानात येऊन सांगतो सगळं. लोक हसायचे. होता होता सगळी गॅलरी टिपणिसांनाच कप्तान म्हणू लागली, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं.

त्या यानाचा एक कायदा होता. कुठल्याही ग्रहावर उतरलं तरी तिथल्या लोकांच्या कारभारात हात घालायचा नाही. लांबून बघायचं आणि निघून यायचं. वरच्या मजल्यावरचे श्रीपाद सामंत, कामगार युनियनचे, यांचं त्या कायद्यावरून टिपणिसांशी दर रविवारी वाजायचं. सामंतांचं म्हणणं, हातात एवढी ताकद असताना समोर माणूस भरडला जातोय ते बघत उभं राहायचं, आणि वर कायदा दाखवायचा, हा शुद्ध पळपुटेपणा झाला. टिपणीस म्हणायचे, इंग्रजसुद्धा आपल्याला सुधारायलाच आले होते, गेले का लवकर? एकदा दुसऱ्याच्या घरात पाय टाकला की तो निघत नाही. आणि कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, हे ठरवणारे आपण कोण? चहा संपेपर्यंत दोघं तावातावानं भांडायचे. दोघांपैकी एकही अगदीच चूक बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

या गर्दीत दाराच्या चौकटीपाशी एक मुलगी बसायची. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. ही अंजनी, शेजारच्या रघूची बायको, बदलापूरजवळच्या खरवईतल्या शेतकऱ्याची पोर. लग्नाला काही वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्यावरून सासू चांगुणाबाई तिचं काय करायच्या ते टिपणिसांच्या घराला चांगलं ठाऊक होतं, कारण मधली भिंत नावाला भिंत. आधी भांडं आपटल्याचा आवाज यायचा, मग रघूचा, मग बराच वेळ कुणाचाच नाही. कधीकधी दिवसभर दाराला बाहेरून कडी असायची आणि आत ती. पद्मजाबाईंनी एकदोनदा विषय काढला. टिपणीस म्हणाले, आपण मध्ये पडलो तर त्या पोरीलाच जास्त त्रास व्हायचा. हेही अगदीच खोटं नव्हतं.

रविवारी मात्र चांगुणाबाईंना स्वतःलाच टीव्ही बघायचा असायचा, म्हणून सुनेलाही यायला मिळायचं. तांदूळ निवडता निवडता अंजनी प्रश्न विचारायची आणि टिपणीस खूश व्हायचे. यानातली माणसं भाकरी कुठं भाजतात. त्यांना घरची आठवण येते का. एकदा तिनं विचारलं की ते ज्यांना लांबून बघतात, त्यांना कळतं का कोणीतरी बघतंय म्हणून? टिपणिसांनी त्यावर दुर्बिणीपासून सुरुवात करून बरंच काही सांगितलं. सांगता सांगता मूळ प्रश्न कुठल्या कुठं राहिला.

एका रविवारच्या भागात असा ग्रह होता की तिथं पीक बुडालं की गाव एक माणूस निवडायचं आणि त्याच्याशी वागणंच बंद करायचं. मारायचं नाही, हाकलायचं नाही, फक्त ते माणूस नाहीच असं धरून चालायचं. त्या खेपेला एक तरुण मुलगी निवडली होती. ती लोकांच्या हाताला धरायची, लोक हात सोडवून पुढं जायचे. दार वाजवायची, आतली माणसं जेवत राहायची. मग तिला यानातली माणसं दिसली, आणि ती त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. डॉक्टरीण म्हणाली, हिला घेऊन जाऊ. कप्तान म्हणाला, कायदा. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी कप्तान यानात एकटाच उभा राहिला, काचेतून खाली ती मुलगी दिसत होती, त्याचा हात बटणावर गेला, आणि लाईट गेली.

अंबरनाथला लाईट जाणं काही नवं नव्हतं, पण अशा वेळी जावी! खोलीत एकच ओरडा झाला. मग सगळे आपोआप टिपणिसांकडे वळले. अंजनीनं सूप खाली ठेवलं होतं आणि ती उभी राहिली होती.

"काका, मंग तिला न्याया कोन आला का नाय?"

इथं त्यांना म्हणता आलं असतं की बाई गं, मला काय माहीत, लाईट गेली. कुणी फाशी दिलं नसतं. पण एक तर सवय, आणि दुसरं म्हणजे चांगुणाबाई. त्या चटईवरून मान वळवून टिपणिसांकडे बघत होत्या. हा प्रश्न कुठल्या मुलीचा आहे ते खोलीत प्रत्येकाला कळलं होतं, आणि प्रत्येकजण न कळल्यासारखा बसला होता. सामंतसुद्धा. टिपणिसांनी घसा खाकरला.

"नाही. कायदा म्हणजे कायदा. कप्तानानं बटण दाबलं आणि यान निघून गेलं."

चांगुणाबाई म्हणाल्या, बरोबर आहे, ज्याचं त्यानं बघावं. अंजनी क्षणभर उभीच राहिली, कुणीतरी अजून काही बोलेल असं तिला वाटलं असावं. मग तिनं सूप उचललं आणि ती घरी गेली. तांदूळ अर्धेच निवडून झाले होते.

त्यानंतर ती टीव्हीला आली नाही. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला जायची आणि तिथंच आभाळाकडे बघत उभी राहायची. रघू एकदा बोलवायला गेला तर म्हणाली, यानाची वाट बघत्ये. थट्टाच केली असेल. थट्टेखोर होतीच ती; लग्न होऊन आली तेव्हा तिचं हसणं गॅलरीच्या त्या टोकाला ऐकू जायचं. पण पुढं पुढं अंगावर हात पडला की ती तेच म्हणू लागली, यान येल नि मना नेल. तिला ते खरंच वाटू लागलं होतं, की मारणाऱ्यांना भिववायला म्हणायची, देव जाणे. चांगुणाबाईंना हवं ते आयतं मिळालं. सुनेचं डोकं फिरलं म्हणून त्यांनी दारोदार सांगितलं. रघूसाठी दुसरी मुलगी कुठंतरी आधीच बघून ठेवली होती.

अंजनीला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं ठरलं. तेव्हा शेजाऱ्यांकडे चौकशी करायला एक हवालदार आला. टिपणिसांच्या बाहेरच्या खोलीत, त्याच टीव्हीसमोर बसून त्यानं चहा घेतला आणि विचारलं की ही बाई आकाशातून गाडी येणार असं बोलते का.

"हो, बोलते," टिपणीस म्हणाले.

त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ते यान या समोरच्या खोक्यातलं आहे, तिला ते मीच दाखवलं, सगळी गॅलरी मला कप्तान म्हणते मग ती गॅलरीही वेडीच का, आणि या भिंतीतून रोज काय काय ऐकू येतं, एवढं सांगायचं राहिलं. जन्मभर विचारलं त्याच्या चौपट सांगणारा माणूस त्या दिवशी विचारलं तेवढंच बोलला. दुसऱ्याच्या घरातलं आहे, म्हणून मनाची समजूत घातली. पडद्याआड पद्मजाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि पडदा काही बाजूला सारला नाही.

अंजनीला नेलं ती भर दुपार होती. रिक्षात बसताना तिनं वर गॅलरीकडे पाहिलं. कठड्याशी सगळी उभी होती, आणि जो तो काहीतरी वाळत घालत होता.

काही दिवसांनी तिचा बाप, महिपती, आला. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. हातात तांदळाची पिशवी, लेकीसाठी आणलेली. चांगुणाबाईंनी दार उघडलं नाही, तेव्हा टिपणिसांनी त्याला आत बसवून पाणी दिलं. साहेब, माझे पोरीला काय झाला, असं त्यानं विचारलं. टिपणिसांनी त्याच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं. म्हातारा पाणी पिऊन उठला आणि तांदूळ तिथंच ठेवून गेला. पद्मजाबाईंना ते तांदूळ शिजवायचा धीर झाला नाही.

रघूनं दुसरं लग्न केलं आणि ते बिऱ्हाड बदलापूरला गेलं. हळूहळू घरोघरी टीव्ही आले. टिपणिसांकडे कुणी यायचं कारण उरलं नाही, आणि आलं तरी ते काही सांगत नसत. बघा की, दिसतंय ना, एवढंच म्हणायचे. पद्मजाबाईंनी त्यांना पुन्हा कधी कप्तान म्हटलं नाही. संसारात तसं काही उणं नव्हतं, बोलणं-चालणं होतं, जेवणखाण होतं. पण टिपणिसांच्या मनाला एक किडा लागला होता. तो भाग आपण खोटा सांगितला. कप्तान नक्की परत फिरला असणार, त्या मुलीला घेऊन गेला असणार, आणि आपण अंजनीला उलटं सांगितलं.

नोकरी संपली, नव्वद साल उलटलं, केबल आली. एके दिवशी दुपारी चॅनेल फिरवताना पिकल्या मिशांचा कप्तान अचानक समोर आला. जुनी मालिका पुन्हा लागली होती. त्या दिवसापासून टिपणिसांनी दुपारची झोप सोडली. एकेक भाग निमूट बघत राहिले, आणि शेवटी तो भाग लागला. बटणावर हात गेला. टिपणिसांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. लाईट गेली नाही. कप्तानानं बटण दाबलं, यान निघून गेलं, डॉक्टरणीनं तोंड फिरवलं, संपलं.

"अगं, मी बरोबर सांगितलं होतं," ते पास झालेल्या पोरासारखे स्वयंपाकघरात गेले. "खरंच निघून जातं यान. मी एक अक्षर चुकीचं नव्हतं सांगितलं."

पद्मजाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी काय, कुठलं, काही विचारलं नाही. इतकी वर्षं त्याही तेच घेऊन बसल्या होत्या.

"तिनं कप्तानाला कुठं विचारलं होतं?" त्या म्हणाल्या. "तिनं तुम्हाला विचारलं होतं. आणि मीही तिथंच ट्रे घेऊन उभी होते."

टिपणीस तसेच जमिनीवर बसले आणि रडले. पद्मजाबाईंनी त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी ते खरवईला गेले. शेतं होती तिथं इमारतींचे खांब उभे राहत होते. महिपती आदल्या वर्षीच गेला होता. अंजनीचा भाऊ भेटला. बोलायला बरा होता, पण बहिणीचं नाव काढताच इकडंतिकडं बघू लागला. त्याच्या मुली लग्नाच्या होत्या, वेडी आत्या घरात आणून ठेवली तर त्यांना कोण करून घेणार, असं त्यानं सांगितलं. निघताना मात्र बापानं लावलेल्या झाडाची जांभळं पानात बांधून दिली, म्हणाला तिला द्या.

ती जांभळं घेऊन नवरा-बायको ठाण्याला गेले. तिथला डॉक्टर तरुण होता, भला होता. ही बाई कित्येक वर्षं चांगली बरी आहे, स्वयंपाकघरात काम करते, पण तिला न्यायला कुणी येत नाही, असं तो म्हणाला. रक्ताचं नातं किंवा नवरा पाहिजे, शेजाऱ्यांच्या हाती देता येत नाही, असा नियम होता. नियम ऐकून टिपणिसांनी मान खाली घातली.

अंजनी आली. केस आखूड कापलेले, अंग सुकलेलं. तिनं दोघांना नीट न्याहाळलं आणि बाकावर बसली.

"काका, लाईट आली का?"

"आली," टिपणीस म्हणाले. मग त्यांनी सगळा धीर गोळा केला. "अंजनी, त्या दिवशी मला माहीत नव्हतं गं. मी ठोकून दिलं."

सत्तरीला टेकलेल्या माणसाच्या तोंडून ते शब्द पहिल्यांदाच निघाले. अंजनीनं एक जांभूळ खाल्लं, बी हातात ठेवली. रागावलेली दिसली नाही.

"मंग तसाच सांगाचा होता," ती म्हणाली. "त्या दिशी मी तुमालाच सांगनार होते, माझे बापाला निरोप द्या, मना न्याया ये म्हनून. तुमी बोललाव, कोन येत नाय. मंग मी नाय बोलले." मग तिनं विचारलं, "आता द्याल का निरोप?"

'देतो' हा शब्द टिपणिसांच्या जिभेवर येऊन बसला होता. किती सोपा होता! तो त्यांनी गिळला, आणि बाप गेल्याचं तिला सांगितलं. ती जांभळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग तुमी कशाला आलाव?"

"तुला न्यायला."

असं काही ठरलं नव्हतं. पद्मजाबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, पण हेही शब्द एकदा निघाले ते निघाले.

मग टिपणीस त्या मागे लागले. भावाकडे गेले, तो पुढच्या महिन्यात बघू म्हणायचा. रघूकडे बदलापूरला गेले. तिला सोडवायला सही केली तर पहिली बायको जिवंत आहे हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून तो दारातूनच परत पाठवायचा. चांगुणाबाई खाटेवर पडून होत्या, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. वकील झाले, साहेब झाले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात पाय टाकला नाही तो म्हातारपणी दारं ठोठावत फिरू लागला, आणि आता ती दारं उघडत नव्हती. दर सोमवारी ते ठाण्याला जायचे. अंजनी गाठोडं बांधून बाकावर बसलेली असायची. आज नाही गं, ते म्हणायचे. ती बरं म्हणून गाठ सोडायची.

एका हिवाळ्यात टिपणीस झोपेतच गेले. शेवटच्या आठवड्यातही एका साहेबाला भेटायचं त्यांचं चाललं होतं. दिवसकार्य उरकल्यावर येणाऱ्या पहिल्या सोमवारी पद्मजाबाई एकट्या ठाण्याला गेल्या. अंजनी गाठोडं घेऊन बसली होती. तिनं पद्मजाबाईंच्या मागं पाहिलं, मग त्यांच्या कपाळाकडे, आणि सांगायची वेळ आली नाही.

"मंग आता न्याया कोन येल?"

"माहीत नाही गं मला," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि तिच्याजवळ बसून रडू लागल्या. अंजनीनं त्यांची पाठ चोळली. निघायची वेळ झाली तेव्हा तिनं गाठ सोडली नाही. गाठोडं उचलून पद्मजाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"हा तुमी घेऊन जा," ती म्हणाली. "मी मागनं येन."

पद्मजाबाई ते घेऊन अंबरनाथला आल्या. घरी येऊन उघडलं तर आत दोन साड्या, एक फणी, आणि कागदाच्या पुडीत जांभळाच्या बिया होत्या, धुऊन वाळवलेल्या.